पीककर्ज नाकारले जाते तेव्हा : या चुका टाळा

खरिपाच्या तोंडावर यवतमाळ जिल्ह्यातील एका बँक शाखेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या शेतकऱ्याने हात जोडून म्हटले, “सावकाराले शेकडा तीन देतोच न साहेब, तुमाले दोन देतो, पन नाई म्हनू नका.” व्यवस्थापकांनी काही न बोलता फाईल परत दिली. त्या शेतकऱ्याची गरज खरी होती आणि दानतही खरी होती. तरीही जी गोष्ट ऐकून बँक अधिकच सावध होते, नेमकी तीच त्याच्या तोंडून निघाली होती.

जास्त व्याज देऊ केले की कर्ज मिळेल, ही समजूत आपल्याकडे सर्वांत खोल रुजलेली आहे आणि ती चूक आहे. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाचा 7 टक्के दर सरकारने बांधून दिलेला असल्यामुळे तेथे घासाघीस होऊच शकत नाही. पण विहीर, ट्रॅक्टर किंवा दुभत्या जनावरांच्या कर्जातही बँक दर वाढवून सर्वांना कर्ज देण्याऐवजी काहींना थेट नकार देते. याचे कारण जोसेफ स्टिग्लिट्झ आणि अँड्र्यू वाइस या अर्थशास्त्रज्ञांनी 1981 मध्ये मांडले. समजा, दोघांनी प्रत्येकी एक लाख रुपये मागितले. पहिला सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घेतो आणि बऱ्या-वाईट वर्षांतही त्याच्या हाती एक लाख वीस हजार येतात. दुसरा सगळे पैसे एकाच जोखमीच्या पिकात घालतो. साधले तर दोन लाख, पावसाने दगा दिला तर काहीच नाही. 7 टक्क्यांनी दोघेही कर्ज घेतील. शेकडा दोन, म्हणजे वर्षाला 24 टक्के दर झाला की पहिल्याला एक लाख चोवीस हजार फेडणे परवडत नाही आणि तो मागे फिरतो, तर दुसरा मात्र रांगेत उभाच राहतो, कारण बुडाले तर त्याच्याजवळून जाण्यासारखे काही नसते. दर जसा वाढतो तसे रांगेत बुडवणारेच उरतात, शिवाय जो सावधपणे शेती करत होता तोही व्याज भागवण्यासाठी जोखीम पत्करू लागतो. काउंटरच्या पलीकडून हे दोघे सारखेच दिसतात, म्हणून बँक दर वाढवत नाही, माणसे गाळते. त्या गाळणीत अनेक लायक माणसेही नाकारली जातात, याची खंत वाटते. पण त्यावर दर वाढवून देणे हा उपाय नाही, आपली माहिती स्पष्ट दिसू देणे हा आहे.

ही माहिती सर्वप्रथम सातबाऱ्यावर वाचली जाते आणि तेथेच बहुतेकांची अडचण होते. वडील जाऊन वर्षे लोटली तरी वारसनोंद झालेली नसते. सोसायटीचे कर्ज केव्हाच फिटलेले असते, पण इतर हक्कांतील बोजा तसाच असतो. कर्ज फेडले की त्याच आठवड्यात नाहरकत दाखला घ्यावा, बोजा कमी करण्याचा अर्ज तलाठ्याकडे द्यावा आणि फेरफार मंजूर होऊन नवा सातबारा हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून होणाऱ्या पीकनोंदीत, पडीक लागलेले शेतही असाच घात करते.

दुसरी चूक रोखीची. कापूस खेडा खरेदीत रोखीने विकला की त्याच दिवशी पैसा हातात पडतो, हे खरे; परंतु कृषी केंद्राची उधारी त्यातूनच परस्पर वळती होते आणि चाळीस क्विंटल पिकवूनही पासबुकावर काहीच उमटत नाही. कृषी केंद्रचालक उधार देतो, कारण तुमचे पीक तो बांधावरून पाहतो. बँकेला तो बांध दिसत नाही, तिला खातेच दिसते. निदान निम्म्या मालाचे पैसे खात्यात येऊ द्यावेत आणि काटापट्ट्या जपून ठेवाव्यात.

मार्चअखेर सावकाराकडून चार दिवसांसाठी पैसे आणून कर्ज नवे-जुने करणे, म्हणजे जुने भरून लगेच नवे उचलणे, हा तर गावोगाव रूढ झालेला मार्ग आहे. त्याने खाते थकीत होत नाही हे मान्य, पण नव्या कर्जातील मोठा भाग सावकाराकडे जातो आणि पेरणीला पैसा उरत नाही. अडचण खरी असेल, दुष्काळ किंवा अतिवृष्टी जाहीर झालेली असेल, तर मुदतीपूर्वीच पुनर्गठनाचा, म्हणजे परतफेडीची मुदत वाढवून घेण्याचा, अर्ज द्यावा.

सिबिलबाबत, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदींचा अहवाल आणि त्यावरून मिळणारे गुण याबाबत, एवढेच, की पीककर्जासाठी ती अट लावू नये असे राज्य सरकारने बँकांना वारंवार बजावले आहे. इतर कर्जांना मात्र ती लागतेच. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिलात आणि ते थकले, तर तुमच्या अहवालावर डाग पडतो. एकरकमी तडजोडीत सूट घेतली तर खाते ‘फेडले’ असे न दिसता ‘तडजोड’ असे दिसते. वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो, तो मागवावा. चूक आढळल्यास लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत निवारण न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

माफीच्या आशेने ऐपत असून थकवणे मला सर्वांत घातक वाटते. माफीची गरज असलेले अनेक जण खरोखर आहेत, हे विदर्भात कोणी सांगायला नको. पण फेडू शकणारा आणि न शकणारा दोघेही थकले की बँकेला त्यांच्यातला फरक कळत नाही आणि पुढच्या हंगामात दोघांनाही एकाच मापाने मोजले जाते.

शेवटची चूक म्हणजे तोंडी नकार ऐकून घरी परतणे. अर्ज दिल्याची पोच मागावी. नकाराचे मुख्य कारण लेखी कळवणे रिझर्व्ह बँकेच्या न्याय्य व्यवहार संहितेनुसार बँकांना बंधनकारक आहे, मग कर्ज कितीही लहान असो. ते कागदावर आले की दुरुस्त करायचे काय हे कळते, आणि कारण पटण्यासारखे नसेल तर तोच कागद घेऊन जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापकांकडे जाता येते.