बोटं दुखतायत? कीबोर्ड घेण्याआधी हात गिरवा

नाशिकला जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळ, कोर्टाबाहेर दिवसभर टायपिंग करणाऱ्यांची मनगटं नीट बघा. अरुंद कीबोर्डवर दोन्ही पंजे करंगळीकडे वाकलेले असतात आणि मनगटावर ताण येतो तो तिथेच.

यावर उपाय म्हणून डाव्या-उजव्या हातासाठी वेगळे असे दोन भागांचा कीबोर्ड घेणार असाल तर आधी मोठा कागद टेबलावर पसरा. खांदे सैल सोडा, कोपर अंगालगत ठेवा, पंजे सहज पडतील तसे पेन्सिलीने गिरवून घ्या. जे अंतर आणि जो तिरपेपणा उमटेल, तसेच दोन्ही भाग मांडता यायला हवेत. बोटांच्या मापाचाच हवा असेल तर डॅक्टिल हा कीबोर्डाचा खुला, कुणालाही वापरता येणारा आराखडा थ्रीडी प्रिंटरवर बनवून घेता येतो.

इनस्क्रिप्ट या देवनागरी कळमांडणीवर टाइप करणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर पाहावी. ख, घ, थ, ध हे सगळे शिफ्ट धरूनच येतात, त्यामुळे बिचारी करंगळी दमते. शिफ्ट अंगठ्याखाली आणता येत असेल तोच कीबोर्ड घ्या. कळांखालचे स्विच ४५ ग्रॅमच्या आसपासच्या दाबाने दबणारे बरे. ६० ग्रॅमचे दुखऱ्या बोटांना जड जातात.

तोवर कीबोर्डाखालचे मागचे छोटे पाय मिटवा, माउस जवळ ओढा. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल, तर मात्र खरेदी बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना हात दाखवा.