वळिवड्याच्या पोलिश छावणीवर एकांकिका कशी बसवावी

युद्धावर नाटक करायचं म्हटलं की हौशी मंडळी आधी बंदुका आणि गणवेश भाड्याने आणायला निघतात. वळिवड्याच्या गोष्टीला यातलं काही लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या या गावी सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यात बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. घरातले कर्ते पुरुष सैन्यात, नाहीतर बेपत्ता, नाहीतर मेलेले.

१. तालमीच्या खोलीत तारखांचा तक्ता लावा. १० फेब्रुवारी १९४०ला सोव्हिएत शिपायांनी पूर्व पोलंडमधली कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सायबेरियाकडे नेली. १९४१मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर सोव्हिएत संघाचा पोलंडच्या सरकारशी करार झाला आणि या कुटुंबांची सुटका झाली. १९४२मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराण, १९४३मध्ये वळिवडे. हा तक्ता नटांसाठी आहे. एवढा प्रवास रंगमंचावर दाखवायला गेलात, तर निवेदकच बोलत बसेल.

२. एक बराक निवडा आणि तिथेच थांबा. आई, आजी, चौदा वर्षांची मुलगी आणि १९३९ला जन्मलेला मुलगा. मुलीला घर आठवतं, मुलाला पोलंड आठवणं शक्यच नाही. आई ‘घरी जाऊ’ म्हणते तेव्हा तो कुठे जायचं म्हणून विचारतो, कारण त्याचं घर हेच. नाटकाचा ताण इथे आहे. शेवटचा मोठा प्रवेश १९४५चा ठेवा. युद्ध संपल्याची बातमी येते, बराकीत गाणी सुरू होतात आणि मग कळतं की त्यांचं गाव आता सोव्हिएत संघात गेलंय. बॉम्बच्या आवाजापेक्षा हा प्रवेश प्रेक्षकाला जास्त लागतो, असं माझं ठाम मत आहे.

३. भाषा. पोलिश पात्रांना परदेशी हेल देऊ नका, प्रेक्षक हसतात. घरात ती साधी, सरळ मराठी बोलू देत. दूधवाला आला की मात्र तो अस्सल कोल्हापुरी बोलेल आणि तिथे पोलिश आईचे शब्द अडखळतील. कोण परका, हे तेवढ्याने कळतं.

४. नेपथ्य स्वस्तात होतं. दोरीवर टांगलेली चादर, एक ट्रंक, मरियमचं चित्र. प्रकाश कडक, दुपारच्या उन्हाचा.

५. बालकलाकारांना जपा. रडू यावं म्हणून ‘तुझे बाबा गेले असं समज’ हे कधीही सांगू नका. त्यापेक्षा हाताला काम द्या. पावाचा तुकडा उशीखाली लपवायचा, कोणी पाहिलं का ते बघायचं. भाव आपोआप येतो. तालीम संपली की दहा मिनिटं खेळू द्या, मगच घरी पाठवा.

६. लेखक-दिग्दर्शकाने गांधीनगरला, म्हणजे छावणीच्या जुन्या जागी, एक फेरी मारावी. छावणी उठल्यावर फाळणीतले सिंधी निर्वासित इथेच येऊन राहिले. त्यामुळे पडदा पडण्याआधी पोलिश कुटुंबाची ट्रंक बाहेर जाताना दुसऱ्या विंगेतून सिंधी कुटुंबाची ट्रंक आत आणता येते, संवादाशिवाय. कोल्हापुरात महावीर उद्यानातलं पोलिश स्मारकही बघून घ्या.

७. जाहीर प्रयोग असेल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (संहिता तपासून प्रयोगाला परवानगी देणारं राज्य सरकारचं मंडळ) वेळेत पाठवा. प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय नाट्यगृहाचे पैसे भरू नका.