नाण्याचा धातू निवडताना होणाऱ्या चुका

बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीवाल्यांना धातू शिकवायला नको. तरी चहाच्या गाड्यावर नाण्यांचा विषय निघाला की काही समज हटत नाहीत.

सगळ्यात घट्ट समज म्हणजे धातू भारी तर नाणं भारी. खरं तर धातूचा भाव नाण्याच्या किमतीवर गेला की नाणं गल्ल्यातून थेट भंगारात जातं. पाच रुपयांचं ते जुनं जाड नाणं आठवा : 9 ग्रॅम, त्यात 75 टक्के तांबं नि 25 टक्के निकेल. ती वितळवून दाढीची ब्लेडं करतात अशा बातम्याही आल्या होत्या. नाणी वितळवायला 2011 च्या कायद्याने बंदी आहे, पण भाव चढला की नुसता कायदा पुरत नाही. नाणं कितीतरी वर्षं फिरणार असतं, तेव्हा आजच्या भावावर हिशेब मांडणं हीच मोठी चूक.

लोहचुंबकाला चिकटलं म्हणजे ते गंजणार, हेही चुकीचं. आपला स्टीलचा रुपया सुमारे 83 टक्के लोखंड आणि 17 टक्के क्रोमियमचा. तो चिकटतो, पण क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर त्याला खानापूरच्या पावसातही सांभाळतो. शिवाय निकेल नाही, म्हणून स्वस्त. गंजली ती अमेरिकेची 1943 ची सेंट नाणी. तांबं युद्धाला हवं होतं, म्हणून पोलादावर जस्ताचा मुलामा दिला. चकत्या कापल्यावर कडा मात्र उघड्याच राहिल्या. वर ती पांढरी दिसत, त्यामुळे लोक त्यांना दहा सेंटचं नाणं समजत.

"जितकं कठीण तितकं उत्तम" हेही जपून म्हणावं. टाकसाळीत नाणं ओतत नाहीत, ठशांमध्ये दाबतात. धातू कठीण, तर ठसे लवकर झिजतात.

हाताला फरक कळणं तर हमखास विसरलं जातं. 1992 पासून 2011 च्या आधीपर्यंतचा स्टीलचा रुपया 25 मिलिमीटरचा, 2011 चं दोन रुपयांचं नाणंही तेवढंच आणि तेही स्टीलचंच. गर्दीच्या खानापूर बसमध्ये कंडक्टरनं ते कसं ओळखायचं? ज्याला दिसत नाही त्यानं तर काय करावं? वीस रुपयांच्या नाण्यात हे सुधारलं : बारा कडा, बाहेर जर्मन सिल्व्हर, आत निकेल-पितळ. (जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा कणही नसतो, सराफाकडे नेऊ नका.)

अ‍ॅल्युमिनियम स्वस्त आहे खरं. पण अमेरिकेत 1974 च्या अ‍ॅल्युमिनियम सेंटला डॉक्टरांनीच हरकत घेतली : पोरानं गिळलं तर एक्स-रेत नीट दिसणार नाही.