मुंबईतल्या धोबी तलावच्या खाद्यफेरीला जाताय?

सकाळी घरून काही न खाता निघा. फेरीचे पैसे भरतानाच विचारून घ्या: खाण्याचा खर्च धरलाय का, आणि गटात माणसं किती? दहाच्या वर असतील तर मी जात नाही. मागच्यांना गाईडचं काही ऐकूच येत नाही.

मेट्रो सिनेमासमोरच्या कयानी या इराणी हॉटेलापासून सुरुवात केलेली उत्तम. हे दुकान १९०४ सालचं. इराणातल्या यझ्द भागातून आलेल्या झरथुष्ट्री कुटुंबांनी मुंबईत अशी हॉटेलं काढली. इथे ब्रून मस्का, म्हणजे लोणी लावलेला पाव, मागवा आणि चौघांत एकच घ्या, पुढे पोटात जागा लागते. पाव वरून कडक, आत मऊ. चहात बुडवला की मस्का वितळून कपात पिवळी वर्तुळं तरंगतात. तो घास गार होऊ देऊ नका. मावा केक मात्र सोडू नका.

मग रमतगमत १९१३ सालच्या ससानियन या दुसऱ्या इराणी हॉटेलाकडे. निघताना जेर महाल या इमारतीकडे मान वर करून बघाच. गोव्याच्या एकेका गावाने आपल्या माणसांसाठी, विशेषतः बोटीवर जाणाऱ्या खलाशांसाठी, चालवलेले कूड, म्हणजे एकत्र राहायच्या जागा, तिथे आहेत. ती लोकांची राहती घरं आहेत, विचारल्याशिवाय जिने चढू नका, फोटोही काढू नका. पारशांच्या अग्यारीतही इतरांना प्रवेश नसतो, बाहेरूनच हात जोडा.

शेवट प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या १९१६ च्या पारसी डेअरीत, कुल्फीने. सुट्टे पैसे जवळ ठेवा.