गणित कच्चं असलं तरी प्रोग्रॅमिंगला हात कसा घालावा

लातूरच्या मोंढ्यातल्या आडत दुकानांसाठी मी हिशोबाचं सॉफ्टवेअर लिहितो. बारावीची पोरं विचारतात, "सर, गणित जमत नाही, कोडिंग जमंल का?" जमतं. माझ्या रोजच्या कामात इंटिग्रेशन लागत नाही. पायरीपायरीनं विचार मात्र लागतो, आणि गणित म्हणजे तरी दुसरं काय?

पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा घ्या. पहिला प्रोग्रॅम मसाविचा लिहा, पण अवयव पाडून नको, युक्लिडच्या रीतीनं. १०७१ ला ४६२ नं भागा, बाकी १४७. ४६२ ला १४७ नं भागा, बाकी २१. १४७ ला २१ नं भागलं की बाकी शून्य, म्हणजे मसावि २१. आधी वहीवर करा, मगच कीबोर्डला हात लावा. चल (व्हेरिएबल), अट, लूप (तीच पायरी परत परत करणं), बाकी काढणारं % चिन्ह, सगळं पाच-सहा ओळींत येतं. लूप थांबणारच कशावरून? बाकी दरवेळी भाजकाहून लहान होत जाते म्हणून. ही झाली सिद्धता! (परीक्षेत मात्र तिचीच धास्ती.)

आता ०.१ + ०.२ करून बघा. उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. संगणक हे आकडे द्विमान पद्धतीत ठेवतो आणि तिथं एक दशांश नेमका बसत नाही. त्यामुळं सोयाबीनची पट्टी (विक्रीचा हिशोब) करताना रक्कम पैशांत, पूर्णांकातच ठेवा. रुपये फक्त छापताना.

गेमसाठी त्रिकोणमिती, मशीन लर्निंगसाठी मॅट्रिक्स आणि संभाव्यता लागतेच. ते गरज पडेल तेव्हा शिका.