मायनक्राफ्टमध्ये पाणी कसं भरावं, कसं वापरावं

उन्हाळ्यात गुरुवारी पाणी बंद असलं की आमच्या पेठेतल्या घरात बुधवारी रात्रीच पिंप, बादल्या, कळशा, पातेली सगळं भरलेलं असतं. अशाच एका गुरुवारी सहावीतल्या भाचीने मला मायनक्राफ्ट, म्हणजे चौकोनी ठोकळ्यांच्या (ब्लॉकच्या) जगात खणायचा-बांधायचा कॉम्प्युटर गेम, खेळायला बसवलं. डोंगरावरून पाणी कोसळत होतं, मी पायथ्याशी बादली धरून क्लिक करत होतो आणि बादली रिकामीची रिकामीच. शेवटी ती वैतागली. "अरे मामा, ते वाहतं पाणी आहे. ते भरता येत नाही!"

आधी हेच समजून घ्या. या खेळात पाणी दोन प्रकारचं असतं, उगमाचं आणि त्यातून पसरलेलं. बादलीत येतं ते फक्त उगमाचं. तळं, नदी, समुद्र इथलं स्थिर पाणी बहुतेक सगळं उगमाचंच असतं, त्यामुळे तिथे जा आणि राइट क्लिक करा. धबधब्याचं पाणी हवं असेल तर ते जिथून सुटतं तो सर्वांत वरचा ब्लॉक गाठावा लागतो.

बादली बनवायला 3 आयर्न इंगट, म्हणजे लोखंडाच्या विटा, लागतात. आयर्न ओर, म्हणजे लोखंड असलेला दगड, दगडी पिकॅक्सने (टिकावाने) फोडा. लाकडी पिकॅक्सने फोडलं तर हाती काहीच लागत नाही. मिळालेलं कच्चं लोखंड भट्टीत वितळवा. क्राफ्टिंग टेबलवर, म्हणजे वस्तू बनवायच्या 3 बाय 3 खणांच्या टेबलावर, मधल्या ओळीत डावीकडे एक, उजवीकडे एक आणि खालच्या ओळीत मधोमध एक इंगट ठेवा. शक्यतो दोन बादल्या करा.

आता हौद. माझ्या मते घर बांधण्याआधी हौद बांधावा. जमिनीत 2 बाय 2 ब्लॉकचा, एक ब्लॉक खोल खड्डा खणा. एका कोपऱ्यात एक बादली ओता आणि दुसरी तिच्या तिरप्या समोरच्या कोपऱ्यात. दोन्ही बादल्या शेजारी शेजारी ओतू नका, तिरप्याच ओता. क्षणात चारही ब्लॉक उगमाचे होतात आणि पाण्याची हालचाल थांबून पृष्ठभाग सपाट दिसतो. तसा दिसला की हौद जमला. आता कुठूनही बादली भरा, ती जागा शेजारच्या दोन ब्लॉकमधून आपोआप भरून येते. जागा कमी असेल तर 3 ब्लॉक लांब, 1 रुंद चर खणून दोन्ही टोकांना पाणी ओता. पण मग बादली मधूनच भरायची, टोकाचं पाणी काढलंत तर ते परत येत नाही. टँकरची वाट बघणाऱ्या माणसाला हा प्रकार पहिल्यांदा बघून काय वाटतं ते विचारू नका.

पाणी लांब न्यायचं असेल तर? सपाट जमिनीवर ते उगमापासून 7 ब्लॉक जातं आणि थांबतं. तिथे एक ब्लॉक खाली उतरवलं की पुढे पुन्हा 7. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी नळातून पुणे शहरातल्या हौदांपर्यंत आलं ते उताराच्या जोरावरच. इथेही चराला असाच उतार द्या.

शेतीत मी पहिल्यांदा सपशेल फसलो. गहू पेरला आणि वरून पाणी ओतलं, तर सगळी रोपं उखडून वाहून गेली. पाणी पिकावर ओतायचं नसतं. 9 बाय 9 चा चौकोन घ्या, बरोबर मधला एक ब्लॉक खणून त्यात पाणी ओता आणि उरलेली जमीन कुदळीने, म्हणजे खेळातल्या 'हो'ने, नांगरा. एक पाणी चारही बाजूंना 4 ब्लॉकपर्यंत माती ओली ठेवतं, म्हणजे एका बादलीवर 80 ब्लॉक शेत. ओली माती गडद दिसते. शेतात उड्या मात्र मारू नका, नांगरलेली जमीन पुन्हा साधी माती होते.

खाणीत उतरताना एक भरलेली बादली हाताशी ठेवाच. अंगाला आग लागली तर पायाशी पाणी ओता आणि विझल्यावर उगमावर क्लिक करून परत बादलीत घ्या. वाटेत लाव्हा आडवा आला तर त्यावर पाणी सोडा: स्थिर लाव्ह्याचा ऑब्सिडियन, म्हणजे फार कठीण काळा दगड होतो, वाहत्याचा कॉबलस्टोन, म्हणजे साधा दगड. ऑब्सिडियन फोडायला हिऱ्याचं पिकॅक्स लागतं. आणि पाणी सोडण्याआधी टॉर्च कुठे लावलेत ते बघा. वाहतं पाणी टॉर्च उखडून नेतं, मग अंधारात चाचपडत बसावं लागतं.

नेदरमध्ये, म्हणजे खेळातल्या आगीच्या पाताळात, मात्र ही बादली कामाची नाही. तिथे पाणी ओतलं की फुस्स करून वाफ होते. तिथे पाणी टिकतं ते फक्त कढईत, म्हणजे कॉल्ड्रनमध्ये. त्याला 7 इंगट लागतात. अंग पेटलं तर त्या कढईत उडी मारायची, आग विझते. भाचीने तिथे जायच्या दाराशेजारी (पोर्टलशेजारी) अशी एक भरूनच ठेवली आहे, "मामासाठी" अशी पाटी लावून.