मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पिनियनचा कोन कसा बसवावा

पिनियनचे (मागच्या अॅक्सलमधल्या, ड्राइव्हशाफ्टकडून गती घेणाऱ्या दात्यांच्या दांड्याचे) तोंड थेट गिअरबॉक्सकडे रोखले की थरथर थांबेल, ही समजूत साध्या दोन-क्रॉसच्या ड्राइव्हशाफ्टला, म्हणजे गिअरबॉक्सची गती मागे नेणाऱ्या आणि दोन्ही टोकांना एकेक क्रॉस (अधिकच्या आकाराचा सांधा) असलेल्या शाफ्टला, लागू पडत नाही. क्रॉस जॉइंट कोनात फिरत असताना त्याची पुढची बाजू एकसारख्या वेगाने फिरली, तरी मागची बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग घेते आणि दोनदा मंदावते; कोन १० अंशांचा असेल तर हा चढउतार सुमारे दीड टक्का वर आणि तेवढाच खाली असतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तितक्याच कोनात असेल आणि शाफ्टवरचे दोन्ही योक (क्रॉसला धरणारे दुशाखे) एकाच पातळीत असतील, तरच तो हा चढउतार भरून काढतो. म्हणून गिअरबॉक्सचा आउटपुट शाफ्ट आणि पिनियन हे एकमेकांना समांतर असावे लागतात.

मोजमापासाठी गाडी सपाट जागी, चाकांना अडण लावून, पुढेमागे सारख्या उंचीवर घ्यावी आणि मागचे स्टँड अॅक्सलखालीच लावावेत. अॅक्सल लोंबकळत ठेवून घेतलेले माप निरुपयोगी ठरते, कारण स्प्रिंगवर गाडीचा भार नसतो. डिजिटल कोनमापक आउटपुट योकच्या तासलेल्या पृष्ठभागावर, शाफ्टच्या नळीवर आणि पिनियनच्या योकवर ठेवून तीन नोंदी कराव्यात. समजा, आउटपुट शाफ्ट मागे ३ अंश उतरता आहे, ड्राइव्हशाफ्ट ५ अंश उतरता आहे आणि पिनियनचे तोंड ३ अंश वर आहे. तर दोन्ही क्रॉसचा कोन २ अंश भरतो. प्रत्येक कोन १ ते ३ अंश आणि दोहोंतला फरक १ अंशाच्या आत असावा. शून्य कोनही टाळावा, कारण मग नीडल बेअरिंगच्या सुया जागच्या जागी राहून बेअरिंगच्या कपामध्ये खाचा पाडतात.

खरी काळजी घ्यावी लागते ती यापुढे. इंजिनाने जोर लावला की पिनियनचे तोंड वर उचलले जाते आणि पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत पाटे पिळवटल्यामुळे ते अधिकच उचलले जाते. अशा गाडीत वरच्या उदाहरणातले तोंड ३ ऐवजी सुमारे १ अंशावर ठेवावे, म्हणजे भाराखाली ते समांतर येईल; पक्क्या लिंकांच्या (अॅक्सल दांड्यांनी धरणाऱ्या) सस्पेन्शनला याहून कमी सूट पुरते.

पाट्यांच्या गाडीत पाटा आणि अॅक्सलची बैठक यांमध्ये निमुळती पाचर घालून, तर लिंकांच्या गाडीत वरच्या लिंकची लांबी बदलून कोन साधतो. पाटा अॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट कसल्यावर तिन्ही मापे पुन्हा घ्यावीत, कारण कसताना कोन थोडा सरकतो.

गिअरबॉक्सच्या टोकाला दुहेरी क्रॉसचा जॉइंट (एकाच जागी जोडलेले दोन क्रॉस) असेल, तर मात्र पिनियन शाफ्टच्याच रेषेत ठेवावा आणि भाराखाली उचलला जाईल तेवढाच, सुमारे १ अंश, खाली झुकवावा.